आप्पांची पाठ

सुरुवातीलाच माफी मागतो. व्यक्तिचित्र मोठ्या माणसाचं लिहायचं असतं आणि लिहिणाराचंही थोडं वय झालेलं असावं, असं मला वाटत आलं आहे. माझ्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. आम्ही धडगावच्याही वरचे, घरात पावरी बोलणारे. मराठी मी शाळेत शिकलो. त्यामुळे ती लिहिताना अजूनही दुसऱ्याच्या अंगणातून चालल्यासारखं होतं, पाय जपून टाकावा लागतो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या हिलाल आप्पांना हे कळलं तर ते म्हणतील, "मन्हावर काय लिखस, घोडीवर लिख." शिवाय हे चित्र एकट्या आप्पांचं होईल याचीही मला खात्री नाही. मला आप्पा आठवले की त्यांच्या पाठीशी एक लहान मूल दिसतं. ते मूल बाजूला ठेवून आप्पा लिहिता येतात का, हे करून पाहिलं. जमलं नाही. म्हणून दोघांनाही घेतो आहे. चुकलं तर समजून घ्यावं.

आप्पा सारंगखेड्याचे. तापीच्या काठाला त्यांचं केळी-कपाशीचं वावर आहे, पण गावात त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नाही. ते चाबूकस्वार. म्हणजे लोकांची नवी, अडेलतट्टू घोडी त्यांच्या खळ्यात येतात आणि पाठीवर माणूस घेण्याच्या लायकीची होऊन परत जातात. या कामाच्या नावात चाबूक असला तरी आप्पांच्या हातात तो मी कधी पाहिला नाही. माझे वडील काही वर्षं हंगामात त्यांच्या वावरात कामाला होते. मला शहाद्याला कॉलेजात प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा वडिलांनी आप्पांना विचारलं. आप्पांनी खळ्याच्या कडेची, पूर्वी घोड्यांचं सामान ठेवायची खोली रिकामी करून दिली. तिला खोगिराच्या कातड्याचा वास होता. तो माझ्या पुस्तकांना लागला तो अजून गेलेला नाही.

माझ्या खिडकीतून सगळं खळं दिसायचं. एका कोपऱ्यात आप्पांची स्वतःची घोडी, मध्ये मोकळी माती, समोर घराचा सिमेंटचा ओटा. दुपारी नदीकडून केळीच्या पानांची सळसळ यायची, घोडी सावकाश कडबा चघळायची, आणि त्या आवाजात वाचता वाचता मला पुष्कळदा डुलकी लागायची. जागा झालो तरी खळं तसंच. ऊन थोडं सरकलेलं, आणि आप्पा मातीत मांडी घालून बसलेले.

त्यांचं काम पाहिलं ते असंच, अर्धवट झोपेत. कोणी तरी एक कोवळी घोडी आणून सोडली होती. माणूस दिसला की ती भिंतीला अंग घासत लांब जायची. आप्पा खळ्याच्या मध्यावर जाऊन तिच्याकडे पाठ करून बसले. हातात दोर नाही, चारा नाही. मी खिडकीतून पाहत होतो ते त्यांना कळलं.

"तिन्हाकडे दखू नको, जयसिंग," ते न वळता म्हणाले. "दखं का तिले वाटस, हाऊ काही तरी मांगी ऱ्हायना."

मी पाहणं सोडून मान खाली घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग खुरांचा हलका आवाज आला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं, की घोडीनं मान लांब करून आप्पांच्या मानेवर श्वास सोडला. आप्पा हलले नाहीत. काही दिवस हेच चाललं. ती जवळ येते, हुंगते, जाते. एकदा तिनं हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली, तेव्हा ते उठले आणि इतक्या सहज तिच्या मानेला हात लावून पुढे चालू लागले, की तीही मागोमाग गेली.

पितृपक्ष उलटल्यावर घरात बाळ आलं. आप्पांचा मुलगा किशोर, त्याची बायको वैशाली. पहिलं बाळंतपण म्हणून वैशाली माहेरी, तळोद्याकडे होती. बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा ती घरी आली. मुलगी. तिचं नाव दुर्वा ठेवलं होतं.

"गवतनं नाव ठेवं," आप्पा म्हणाले. "मंग तं मन्हाच घरमा शोभस."

मोठी माय, म्हणजे आप्पांची बायको, तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. सगळे ओट्यावर जमले. आप्पांनी त्या दिवसासाठी पांढरं स्वच्छ धोतर नेसलं होतं. वैशालीनं बाळाला त्यांच्यापुढे धरलं. बाळानं आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि मग असं रडू फुटलं की शेजारची माणसं दारात आली. आप्पांनी पुढे केलेले हात मागे घेतले.

"रडू द्या," ते म्हणाले. "नवीन ठाण शे तिले."

"ठाण म्हने," मोठी माय म्हणाली. "पोर शे ती, घोडं नही."

"पोर काय नि शिंगरू काय. धराले गया का पळस."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा ओट्यावर सतरंजीच्या कडेला, दुर्वाकडे पाठ करून बसू लागले.

त्या दिवसांत दुर्वा सतरंजीवर पालथी पडून असायची. हात-पाय चारी बाजूंना हलवायची, पोहल्यासारखी, आणि जागची हलायची नाही. दमली की गाल सतरंजीला टेकून स्वतःच्या बोटांकडे पाहत राहायची. ती बोटं आपली आहेत हे तिला तेव्हा ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. एक हात दुसऱ्या हाताला पकडायचा आणि दोघांनाही नवल वाटायचं. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक गोल ठिपका ओट्यावर पडायचा. तो उचलायचा ती रोज प्रयत्न करायची. मूठ बंद करायची, उघडून पाहायची. मूठ रिकामी. ठिपका तिच्या मनगटावर. मी पुस्तक मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला असे, आणि माझंही पान उलटायचं राहून जाई.

आप्पांना यातलं काहीच दिसायचं नाही. त्यांचं तोंड खळ्याकडे. पण कान मागे. घोड्याचे कान वळतात तसे माणसाचे वळत नाहीत, तरी मला ते वळलेले वाटायचे.

"काय करी ऱ्हायनी ती, जयसिंग?"

"पालथी आहे. उन्हाचा ठिपका धरतेय."

"गवसना का?"

"नाही."

"तोंड कसं शे तिन्हं?"

हे मला अवघड जायचं. मी म्हणायचो, हसतंय. आप्पांना तेवढं पुरत नसे. हसतंय म्हणजे तोंड उघडं का मिटलेलं, डोळे बारीक झाले का मोठे, भुवई वर गेली का. मग मी नीट पाहायचो आणि पुस्तकातले शब्द टाकून देऊन सांगायचो. आज हे लिहायला घेण्याचं धाडस झालं ते त्या ओट्यावरच्या सवयीमुळे असावं.

दुर्वा रांगायला लागली ती उलटी. पुढे यायला जोर लावायची आणि मागे जायची. डोळे समोरच्या वाटीवर, अंग मागे मागे. शेवटी खाटेखाली शिरायची आणि तिथून, आपण इथे कसे आलो हे न कळून, ओरडायची. मोठी माय हसून लोटपोट.

"आजावर गई," ती म्हणायची. "दोन्ही उलटाच."

आप्पाही हसायचे हे त्यांच्या खांद्यांवरून कळायचं. आणि हे खांदे हलतात हे एक दिवस दुर्वानंही पाहिलं.

ती आली. उलटं-सुलटं सरकत, वाटेत सतरंजीची झालर तोंडात घालून थांबत, पण आली. आप्पांच्या पाठीला तिचं बोट लागलं. तिनं बोट काढून घेतलं. पुन्हा लावलं. मग तळवा. मग दोन्ही तळवे, आणि थाप. आप्पांची पाठ रुंद, वर पातळ पांढरी बंडी. थापेचा चांगला आवाज आला. दुर्वाला तो आवाज फार आवडला.

"काय करी ऱ्हायनी?" आप्पांनी हळू विचारलं.

"दोन्ही हात ठेवलेत. आता तोंड लावतेय पाठीला."

"तितलं माले समजस. ओलं लागी ऱ्हायनं."

त्या दिवसापासून आप्पांची पाठ हे दुर्वाचं खेळणं झालं. सकाळी दूध पिऊन झालं की ती ओट्यावर पाठ शोधायची. नसली तर कुरकुरायची. असली की तिच्याशी बोलायची. अजून शब्द नव्हते, नुसते ब आणि द आणि लांब लांब सूर, पण प्रश्न विचारल्यासारखे, आणि मध्ये थांबून उत्तराची वाट पाहायची. आप्पा खांदा हलवून उत्तर द्यायचे. एकदा उजवा, एकदा डावा. दुर्वा खदखदून हसायची. आमच्याकडे डोंगरात मूल फडक्यानं आईच्या पाठीला बांधलेलंच मोठं होतं. त्यामुळे पाठीशी मैत्री करणारं मूल मला तरी विचित्र वाटलं नाही. मी तसं आप्पांना सांगितलं. ते खूश झाले. मोठ्या मायला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं.

पण आप्पा वळले की संपलं. पाठ फिरून तिच्या जागी तोंड आलं की दुर्वाचा ओठ पुढे यायचा आणि रडं सुरू. आप्पा लगेच परत फिरायचे. "आजून येळ शे," म्हणायचे. त्यांना एकच हवं होतं. तिनं आपल्या पायांनी, न धरता, न ओढता, समोरून त्यांच्याकडे यावं. घोडी आली होती, तशी हीसुद्धा येईल, यात त्यांना शंका नव्हती.

ती पहिल्यांदा उभी राहिली तीही तिथेच. थंडीचे दिवस, ओट्यावर कोवळं ऊन. मोठी माय दारात ज्वारी निवडत होती. दुर्वानं आप्पांची बंडी दोन्ही मुठींत धरली आणि अंग वर ओढलं. गुडघे थरथरले. ती खाली बसली, पुन्हा ओढलं. आणि मग ती उभी होती. मोठ्या मायचे हात सुपातच राहिले. वैशाली आतून आली ती चौकटीतच थांबली.

आप्पांच्या बंडीला बसलेल्या ताणावरून त्यांना कळलं असावं. ते ओठ न हलवता म्हणाले, "उभी शे का?"

"उभी शे," मोठी माय म्हणाली. "हालू नका."

आणि नेमकी त्याच वेळी एक माशी आप्पांच्या नाकावर येऊन बसली. मी पायरीवरून पाहत होतो. माशी नाकाच्या शेंड्यावरून वर गेली, डोळ्याच्या कडेला फिरली, परत खाली आली. आप्पांचे डोळे पाण्यानं भरले. पण हात वर गेला नाही, मान हलली नाही. मागे दुर्वा आपल्या नव्या उंचीवरून सगळीकडे पाहत होती. खळं, घोडी, केळी. जणू कोणी तिला अजून हे दाखवलंच नव्हतं. मग ती धपकन बसली. तेव्हा आप्पांनी माशी हाकलली.

"मी सोडीसन बठ्ठासनी दखं," ते म्हणाले. आपल्याखेरीज सगळ्यांनी पाहिलं, याची तक्रार नव्हती ती.

मग गावची यात्रा आली. यात्रेत लांबलांबून घोडे येतात आणि आप्पांच्या ओट्यावर व्यापाऱ्यांची दाटी होते. मारवाडकडचे एक जुने ओळखीचे व्यापारी दरवर्षी उतरायचे. मोठा रंगीत फेटा, कानात बाळ्या, आवाज खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारा. त्यांनी आल्या आल्या दुर्वाला उचललं. मी डोळे मिटून घेतले, आता रडणार म्हणून. ती रडली नाही. तिनं त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बाळी धरली, आणि हसली. तिथून ती दुसऱ्याच्या मांडीवर गेली, मग तिसऱ्याच्या. कोणाला दाढी, कोणाला चष्मा. सगळ्यांकडे गेली.

"बच्ची तो बडी सीधी है, आप्पा," फेटेवाले म्हणाले. "आप पे गयी है."

आप्पा हसले. चहा सांगतो म्हणून आत गेले. चहा आला, तो मोठी माय घेऊन आली.

संध्याकाळी पाहुणे यात्रेत गेले, तेव्हा मोठी माय आप्पांना डिवचायला लागली. "बठ्ठा गावकडे जास ती. सख्खा आजाकडे जात नही. दुर्वाना आजा, घोडासमा जनम गया तुमना, आते माणसनी पोर वश करी दखाडा."

आप्पा भाकरी मोडत राहिले. वैशाली भाकरी थापत होती. ती सासऱ्यांशी फारसं बोलत नसे. थापता थापताच, खाली मान घालून म्हणाली, "आप्पा, ती बठ्ठासनं तोंड दखस. तुमनं तिनी कधी दखेलच नही. तिले वाटस, तुम्ही म्हंजे पाठ."

मला ते हळूहळू उमजलं. दुर्वाला आजोबा नकोसे नव्हते. तिच्या लेखी आजोबा होतेच. रुंद, पांढरे, उबदार, थापल्यावर वाजणारे. ते वळले की तिचा तो माणूस नाहीसा होत असे, आणि त्याच्या जागी एक अनोळखी तोंड उगवत असे. आप्पांनी तिला शिंगरासारखं वागवलं होतं. पण शिंगरू माणूस ओळखतं ते वासावरून. माणसाचं पिल्लू तोंडावरून ओळखतं, आणि तेच आप्पांनी इतके महिने लपवून ठेवलं होतं.

आप्पांनी भाकरी अर्धी ठेवली. "मंग आते काय करानं?" त्यांनी सुनेला विचारलं. असं त्यांनी तिला कधी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"फिरा ना थोडं थोडं," वैशाली म्हणाली.

यात्रा उठल्यावर आप्पा वळू लागले. एकदम नाही. "लगाम एकदम नही दखाडाना," हे त्यांचंच म्हणणं. आज ते बसले तर कान दिसेल इतकेच वळलेले. दुर्वानं कान पाहिला. पाठीला असं काही असतं हे तिला नवीन होतं. तिनं कानात बोट घातलं. आप्पांनी घालू दिलं. पुढच्या आठवड्यात गाल. गालावर पांढरे खुंट. तिचा हात लागला, टोचलं, मागे गेला, पुन्हा आला. मग नाकाची कड. ओट्यावर ऊन हळूहळू सरकतं तसे आप्पा सरकत होते. रोज पाहणाराला काही फरक कळू नये इतकं सावकाश.

"दुर्वाना आजा," मोठी माय म्हणायची, "पुनवले पुरा उगशात का?"

"उगसू," आप्पा म्हणायचे. "तू घाई नको करू."

घाई तिनं केली नाही. किशोरला सुरतेहून फोन आला. एका कापड गिरणीत देखभालीचं काम त्यानं मागून ठेवलं होतं, ते मिळालं. खोलीही मिळत होती, पण ताबडतोब या म्हणाले. घरात आनंद होता, तो खोटा नव्हता. आप्पांनी स्वतः पेढे आणले. पण पेढे वाटून झाल्यावर ते ओट्यावर बसले, तेव्हा मी पाहिलं, आदल्या दिवसापेक्षा ते बरेच जास्त वळून बसले होते. दुर्वाला त्यांचा एक डोळा दिसला. ती थबकली. त्या एका डोळ्याकडे तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. रडली नाही, पण जवळही आली नाही.

निघायच्या सकाळी दारात जीप उभी. नंदुरबारला जाऊन गाडी धरायची होती. पिशव्या, गादी, पाळण्याची झोळी, सगळं चढवलं. वैशालीनं दुर्वाला काजळाची तीट लावली होती. तेव्हा आप्पांनी त्या पहिल्या दिवसानंतर कधी केलं नव्हतं ते केलं. ते सरळ समोरून चालत आले आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये," ते म्हणाले. "ये ना माय. आजाकडे ये."

दुर्वा किंचाळली. आईच्या मानेत तोंड खुपसलं, पाय झाडले. आप्पांचे हात हवेत तसेच राहिले, मग खाली आले. त्यांनी क्षणभर इकडे तिकडे पाहिलं. मग वळले आणि पायरीवर, आम्हा सगळ्यांकडे पाठ करून बसले.

रडणं थांबलं. दुर्वानं मान वर काढली. पाठ दिसली. तिनं आईच्या कडेवरून अंग लांबवलं, इतकं की वैशालीला वाकावं लागलं. तिला खाली उतरवलं तशी तिनं बंडी धरली, उभी राहिली, आणि गाल त्या पाठीला टेकवला. डोळे मिटले. जीपवाल्यानं इंजिन बंद केलं.

शेवटी किशोर म्हणाला, "आप्पा, टाईम व्हई ऱ्हायना."

"लयी जा," आप्पा म्हणाले.

जीप वळणापलीकडे गेली तरी ते वळले नाहीत.

त्यानंतर घर फार शांत झालं. उन्हाचा गोल ठिपका ओट्यावर यायचा आणि कोणी न धरता निघून जायचा. आप्पा खळ्यात काम करायचे, पण ओट्यावर बसायचे नाहीत. रविवारी वैशालीचा व्हिडिओ कॉल यायचा. मोठ्या मायला फोन धरता येत नसे, म्हणून मी धरायचो. पहिल्या वेळी आप्पांनी फोन अगदी नाकाशी घेतला. पडद्यावर दुर्वाचा ओठ पुढे आलेला दिसला आणि मग नुसतं रडणं. आप्पांनी फोन माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी ते स्वतःच म्हणाले, "मी असाच बसस. तू मांगेथीन धर." आणि फोनकडे पाठ करून बसले.

पडद्यावर दुर्वा थांबली. जवळ आली. तिचं कपाळ मोठं मोठं होत गेलं, आणि मग फोनमधून आवाज आला, थाप. तिनं काचेवर हात मारला होता. आप्पांनी उजवा खांदा हलवला. पलीकडून हसणं ऐकू आलं.

मग दर रविवारी असंच. मी फोन धरायचो आणि सांगत राहायचो. तिला दात आलेत, वरचे. आता काही न धरता उभी आहे. आता पडली, रडली नाही. आप्पा समोर घोडीकडे बघत ऐकायचे. माझी परीक्षा संपली त्या रविवारी मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही असंच. ऊन तापलेलं, बंडी घामानं पाठीला चिकटलेली, फोनमधून थापांचा आवाज, आणि प्रत्येक थापेला आप्पा किंचित पुढे झुकत होते, जणू ती लागत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो तेव्हा ते वावरात गेलेले होते.

आमच्या गावात फोन लागत नाही. टेकडीवर एका महूच्या झाडापाशी लागतो. सुट्टीत मी तिथे जाऊन मोठ्या मायला फोन करायचो, कधी लागायचा, कधी नाही. बरेच दिवस लागला नव्हता. गेल्या आठवड्यात लागला. मी आधी आप्पांची तब्येत विचारली.

"आप्पा घर नही," ती म्हणाली. "सुरतले गया."

मला खरं वाटेना. घोडीला सोडून ते कधी एक दिवस बाहेर राहिले नव्हते. मी विचारलं, काय झालं.

काय झालं ते तिनं सांगितलं. तिकडे दुर्वा चालायला लागली. त्या रविवारी इकडे माझ्याऐवजी शेजारच्या पोरीनं फोन धरला होता, आप्पा नेहमीसारखे पाठ करून बसले होते. दुर्वानं काचेवर थाप मारली, खांदा हलला, ती हसली. मग ती पडद्यावरून निघून गेली. वैशालीनं हाका मारल्या, येईना. बघते तर दुर्वा फोनच्या मागच्या बाजूला गेलेली, भिंतीला टेकून ठेवलेला फोन ओढून त्याच्यामागे डोकावत होती.

"वैशाली म्हने, आप्पा, ती तुमनं तोंड धुंडी ऱ्हायनी." मोठी माय सांगत होती. "आप्पा झटकन फिरना. पन ती फोनना मांगे. फोनमा नुसता पंखा दिखे."

आप्पा बराच वेळ त्या पंख्याकडे पाहत बसले होते म्हणे. मग उठले. घोडी शेजारच्यांच्या हवाली केली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले.

"मग?" मी विचारलं. "पोहोचले का?"

"पोचना. आते सकाळेच वैशालीना फोन उना. आप्पा तिन्हा गॅलरीमा पाठ करी बठना. पोर उनी, पाठवर हात ठेवा. मंग खांदा धरी धरी पुढे गई."

"रडली?"

"नही. पुढे उभी ऱ्हाईसन दखी ऱ्हायनी म्हने."

"आप्पा काय म्हणाले?"

"त्याले कोन इचारी? वैशालीनी फोन दिधा, तं त्यानी लिधाच नही. हालत नही, बोलत नही. ती दखस, नि तो बठेल शे. मी आते परत फोन कया, तं आजून तठेच बठेल शे."